लाभ, दोन, तीन

काव्याच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. सात रस्ता चौकातल्या तिच्या छोट्या कंपनीनं नवजात बाळांना ऊब देणारी पेटी बनवली होती. त्यातला कर्नेलचा कोड, म्हणजे मुळाशी बसून सगळं यंत्र हाकणारा भाग, काव्यानं लिहिलेला. नातेपुत्याच्या दवाखान्यात पेटी दोनदा मधेच बंद पडली. तिथल्या रेश्मा सिस्टरांनी दोन्ही वेळा बाळाला छातीशी धरून निभावलं, वर तारीखवेळ लिहून कळवलं. तिसऱ्या वेळी सिस्टर जवळ नसल्या तर? काव्याला घास गोड लागेना.

कळलं होतं ते एवढंच: ऊब मोजणारे सोळा सेन्सर, त्यांना मेमरीत सोळा खण, आणि कोड कुठंतरी हद्द ओलांडून परक्या खणात हात घालतोय. बहुतेकदा खपून जातं, एखाद्या वेळी सगळं ठप्प. पण कुठं, ते काही केल्या सापडेना.

रविवारी ती गावी, वळसंगला गेली. वडील सिद्रामप्पा ज्वारी मोजत होते. त्यांनी पायली, म्हणजे धान्य मोजायचं माप, लेकीच्या हातात दिली. पोत्यात बरोबर सोळा पायली. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, एवढं बाईसाहेबांना आठवलं. नशीबच म्हणायचं! लाभ, एक, दोन करत ती पंधरावर आली आणि पोतं रिकामं. डोकं कोडात, हात चालूच. सोळावी भरायला तिनं शेजारच्या बियाण्याच्या पोत्यात पायली घातली.

वडिलांनी मनगट धरलं. "लाभ म्हंजेच एक की गं. त्याच्यामागनं दोन म्हनायचं. ही सतरावी काढायलीस तू, ती बी बियाण्यातली."

काव्यानं पायली खाली ठेवली. कोडातली मोजणी शून्यापासून. शून्य हाच पहिला खण. मग पंधरावर थांबायला हवं, आणि तिनं सोळापर्यंत जाऊ दिलं होतं. तिथंच ओसरीवर बसून तिनं ते दुरुस्त केलं. पुढं आठ दिवस तपासलं, पेटी एकदाही अडली नाही. मग ती नातेपुत्याला पुन्हा सुरू झाली.

दुरुस्तीखाली चूक कळवणाऱ्याचं, वाट दाखवणाऱ्याचं नाव लिहायची कर्नेलवाल्यांची रीत असते. तिनं दोन नावं लिहिली: रेश्मा सिस्टर, आणि सिद्रामप्पा, वळसंग. या दोघांचे पांग आपल्याच्यानं फिटायचे नाहीत, हे तिला ठाऊक होतं.

फोनवर हे ऐकून वडील आधी हसले, माझं काय काम तितं म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "आता पेटीत बाळ हाय का कोन?"

"हाय, अप्पा. उबेत झोपलंय."