रेघेपर्यंत पाणी

मित्रांनो, तुम्ही काचेच्या टाकीपुढे उभे राहून समुद्रातले रंगीत मासे पाहिले असतील. ती टाकी मी नव्हे. मी तिच्या खालच्या कपाटात असायचे. कपाटाचं दार लावलेलं असायचं, म्हणून मला कोणी पाहत नसे. जाणकार लोक मला सम्प म्हणतात, म्हणजे पाणी गाळायची खालची टाकी. आता मी गॅलरीत पडून आहे, तेव्हा निदान माझं म्हणणं तरी ऐका.

माझा जन्म दोनदा झाला. आधी मी एका चष्म्याच्या दुकानातल्या शोकेसची काचेची फळी होते. दुकानदाराला सगळे भिंगवाले म्हणत. दुकान बंद केलं त्या दिवशी त्यांनी शोकेसच्या काचा जुन्या चादरीत गुंडाळून घरी आणल्या. घरात आधीच एक टाकी होती, खाऱ्या पाण्याची. पण खाऱ्या पाण्याचे मासे नाजूक. पाणी जरा घाण झालं की खंगतात. भिंगवाल्यांनी ठरवलं, पाणी खाली आणायचं, गाळायचं, निवळू द्यायचं आणि पुन्हा वर पाठवायचं.

मग त्यांनी माझे तुकडे कापले. चष्म्याच्या काचा घासायच्या हाताने माझ्या कडा घासल्या. सिलिकॉनने पाच बाजू चिकटवल्या आणि आत दोन आडभिंती उभ्या केल्या. माझ्या तीन खोल्या झाल्या. पहिलीत वरचं पाणी पडायचं आणि कापसाच्या जाळीतून गाळलं जायचं. तिसरीत पंप होता, तो पाणी वर ढकलायचा. मधली खोली म्हणजे माझा जीव. तिला रेफ्युजियम म्हणतात, म्हणजे आसऱ्याची खोली. तिथे वाळू, दगड आणि हिरवं शेवाळ. वर एक छोटा दिवा. वरच्या माशांनी केलेली घाण ते शेवाळ खाऊन टाकायचं, आणि त्याच्या जाळीत इवलेसे जीव निर्भय राहायचे.

शेजारच्या काकू पाहायला आल्या. वाकून म्हणाल्या, "भिंगवाले, एवढा खटाटोप करून तुम्ही मोरीच बांधलीत की हो."

"मोरीच आहे," ते हसून म्हणाले. "पण या मोरीवर वरचा महाल चालतो."

पहिल्या दिवशी त्यांनी मुद्दाम पंप बंद केला. वीज गेली की वरचं थोडं पाणी खाली येतंच, ते माझ्यात मावायला हवं. त्यांची पत्नी दोन टॉवेल घेऊन उभी राहिली. पाणी चढत चढत आलं आणि काठाखाली दोन बोटं थांबलं. तिने हळूच श्वास सोडला. मग भिंगवाल्यांनी सासरी गेलेल्या लेकीची मागे उरलेली नेलपॉलिश आणून माझ्या तिसऱ्या खोलीच्या काचेवर एक लाल रेघ ओढली. पंप चालू असताना पाणी या रेघेवर हवं. खाली नको, वर नको.

सात वर्षं मी काम केलं. वर नारिंगी माशांची एक जोडी होती. मोठी मादी हात आत घातला की अंगावर धावून यायची, म्हणून पत्नीने तिचं नाव सासूबाई ठेवलं होतं. तिच्या मागे मागे फिरणारा छोटा, तो बापडा. पाहुणे सासूबाईंचं कौतुक करायचे. मी अंधारात त्यांचं पाणी गाळायचे. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

पाणी रोज थोडं वाफ होऊन उडून जायचं. रेघेच्या खाली सरकायचं. म्हणून भिंगवाले सकाळी उठून एक मोठा जग गोडं पाणी माझ्यात ओतायचे. हो, गोडं. कारण उडतं ते फक्त पाणी. मीठ कुठे जात नाही, ते आतच राहतं. त्या वेळी पत्नी आतल्या खोलीत डोळे मिटून जपाला बसलेली असायची. तो तिचा नेम होता, तो तिने कधी मोडला नाही. म्हणून त्या जगमध्ये कसलं पाणी असतं, ते तिने कधी पाहिलंच नाही. तिने पाहिलं होतं ते महिन्यातून एकदा पाणी बदलतानाचं दृश्य. मोठी बादली, मापाने घातलेलं मीठ, तासभर ढवळणं.

मग एका दुपारी भिंगवाल्यांच्या छातीत दुखू लागलं. शेजारी त्यांना खुर्चीत बसवून खाली नेत होते, तेव्हा ते दारातून म्हणाले, "खालच्या टाकीत रोज रेघेपर्यंत पाणी घाल. बाकी काही राहिलं तरी चालेल. तेवढं चुकवू नकोस."

"नाही चुकवणार," ती म्हणाली.

तिने खरोखर चुकवलं नाही. जप झाला की ती बादलीत मीठ मोजायची. समुद्रातले मासे, त्यांना समुद्राचंच पाणी हवं, असं तिला वाटलं. कोणालाही वाटेल. ढवळून ढवळून मिठाचा कण राहू द्यायची नाही. मग गुडघ्यावर बसून माझ्यात जग रिता करायची. डोळे रेघेवर, ओठ हलत असायचे. ती माशांसाठी मागायची की नवऱ्यासाठी, मला कळायचं नाही. बहुधा तिच्या मनात ते एकच झालं होतं.

मित्रांनो, मला सगळं कळत होतं आणि मला तोंड नव्हतं. रोज माझ्यातलं मीठ वाढत होतं. आधी मधल्या खोलीतल्या गोगलगायी दगडाला चिकटून बसल्या त्या हलल्याच नाहीत. मग माझं हिरवं शेवाळ पांढरं पडलं आणि वितळून गेलं. आसऱ्याच्या खोलीत आसरा उरला नाही.

हॉस्पिटलमधून फोन यायचा. "पाणी रेघेवर आहे ना?"

"अगदी रेघेवर आहे हो. तुम्ही लवकर बरे व्हा." शेवाळाचं ती बोलली नाही. आजारी माणसाच्या जिवाला घोर नको.

तिने टाकीतले मासे विकणाऱ्या मासेवाल्याला शेवाळाचं विचारलं. तो म्हणाला, "काकू, पाणी रोज घालता ना?"

"रोज घालते."

"मग काळजी नको."

पाणी घालता ना, हे सगळ्यांनी विचारलं. कसलं घालता, हे कोणीच नाही.

चौतिसाव्या दिवशी बापडा तळाला पडला. सासूबाई दोन दिवस त्याच्याभोवती फिरल्या. मग त्याही आडव्या झाल्या. पत्नी रिकाम्या टाकीपुढे बसून राहिली. आणि दुसऱ्या दिवशी जप झाल्यावर तिने पुन्हा जग भरला, कारण शब्द दिला होता.

भिंगवाले घरी आले. त्यांनी खारेपणा मोजायचं छोटं भिंग काढलं, त्यावर माझ्यातला एक थेंब टाकला आणि खिडकीच्या उजेडाकडे धरलं. बराच वेळ पाहत राहिले.

"मी एक दिवस चुकले नाही," ती मागून म्हणाली.

त्यांनी भिंग पुसून डबीत ठेवलं. "मासे म्हातारे झाले होते गं," ते म्हणाले. "त्यांचं आयुष्यच तेवढं."

वरची टाकी मासेवाला घेऊन गेला. मला गॅलरीत ठेवलं, तळाला चार बोटं पाणी तसंच राहिलं. उन्हात ते रोज कमी होत गेलं. एका सकाळी ती केर काढायला आली आणि थबकली. पाणी पार आटलं होतं. तळावर, भिंतींवर, लाल रेघेखाली, सगळीकडे पांढरा जाड थर होता. तिने बोट फिरवून जिभेला लावलं.

ती केरसुणी हातात घेऊनच आत गेली. दार उघडं होतं, मला ऐकू आलं.

"पाणी उडून जातं. मीठ नाही जात."

भिंगवाल्यांची खुर्ची करकरली.

"तुम्हाला ठाऊक होतं."

"होतं."

"मग एखादा दिवस जरी मी मीठ घालायला चुकले असते..." ती थांबली. "जितके चुकले असते, तितकं बरं झालं असतं."

"मी सांगायला हवं होतं," ते म्हणाले. "सात वर्षं घालत होतो. सांगावं लागतं, हेच सुचलं नाही."

त्या दिवसापासून ती जपाला बसते, पण मणी पुढे सरकत नाहीत. गॅलरीतून मला दिसतं.

मित्रांनो, आपलं काम कोणाच्या हाती द्याल तेव्हा रोज कर एवढंच सांगून जाऊ नका. काय, कसलं, कशासाठी, तेही सांगा. आणि तुमच्या हाती कोणी काही दिलं, तर विचारा. विचारल्याने माया कमी होत नाही. माझ्यासारख्या मुक्या वस्तूला ओरडता येत नाही हो.

काल ती जग घेऊन आली. गोडं पाणी होतं. गुडघ्यावर बसून तिने जगामागून जग माझ्यात ओतले, अगदी रेघेपर्यंत, आणि वाट पाहत राहिली. मीठ विरघळलं. बाकी काही झालं नाही.