सायकलमागचा बाप

बाबांची एकच कविता लोकांना तोंडपाठ आहे आणि ती माझ्यावर आहे. बाप मुलीला सायकल शिकवतो, सीट धरून मागे धावतो, अशी. कितीतरी वर्षं ती शाळेच्या पुस्तकात होती. अजूनही कुणी माझी ओळख करून दिली की समोरचा माणूस विरघळतो. "म्हणजे तुम्हीच ती सायकलवाली!" मी हसून मान डोलावते.

खरं म्हणजे धावली होती आई. चपला भिरकावून, धापा टाकत. बाबा आतल्या खोलीत लिहीत होते आणि दार बंद होतं. ते कायम बंदच असायचं. "आवाज करू नकोस, बाबांची कविता चाललीये," आई दटावायची. आणि कविता कुणावर? माझ्यावरच!

'मी नव्हतो' एवढं त्यांनी एकदा माझ्या तोंडावर कबूल करावं, हीच माझी आस. आई गेली, मी पन्नाशीला टेकले, पण विषय काढायची छाती काही झाली नाही.

मी कवळ्या बनवते, दवाखान्याच्या मागच्या खोलीत. यंदा बाबांचे उरलेसुरले दातही गेले आणि नेमका सत्कार ठरला. बोळक्या तोंडाने कविता म्हणणार कशी? काम माझ्याच गळ्यात पडलं.

माणसाचे दात हसताना किती दिसायचे ते बघायला आम्हाला जुना फोटो लागतो. घरातले सगळे फोटो उपसले. एकातही बाबा हसत नव्हते. शेवटी त्यांच्या पुस्तकाच्या मागचा घेतला. तिथे अगदी छान हसतात, वाचकांसाठी.

मेणात दात बसवून कच्ची कवळी तयार केली. डॉक्टरीणबाईंनी ती बाबांच्या तोंडात नीट बसवली, "उच्चार तुम्हीच तपासा," म्हणाल्या आणि दुसऱ्या पेशंटकडे गेल्या.

"साठ ते सत्तर आकडे म्हणा," मी म्हटलं. सगळ्यांना हेच सांगते. 'स' म्हणताना शिट्टी वाजते का ते कळतं.

"मी काय बालवाडीत आहे? कविता म्हणतो."

आणि तीच सुरू केली. मी ती सभागृहात ऐकली होती, रेडिओवर ऐकली होती. अशी दोन हातांच्या अंतरावर बसून, फक्त माझ्यासाठी म्हटलेली, कधीच नाही.

"धरून ठेवा म्हणालीस, मी सोडलं नाही..."

खट्ट. दातावर दात आपटले. चूक माझी होती. फोटोतला माणूस पस्तीस वर्षांनी तरुण होता आणि मी दात त्याच्या चेहऱ्याला बेतून लावले होते.

"थांबा बाबा, दात लांब झालेत. परत लावून देते."

त्यांनी कवळी काढून माझ्या हातात ठेवली. मग खिडकीकडे बघत, बोळक्या तोंडाने म्हणाले, "हे धावणं सगळं तुझ्या आईचं आहे. मी नव्हतो."

मी हातातल्या कवळीवरून नजर उचलली.

"खिडकीतून बघत होतो. तू पडलीस तेव्हा उठलो, दारापर्यंत आलो. तोवर तिने तुला उचललं होतं."

"मग तसंच का नाही लिहिलंत?"

"लिहिलं होतं. वाचवेना मलाच."

झालं. जन्मभर ज्याची वाट पाहिली ते एका मिनिटात पदरात पडलं. आनंद व्हायला हवा होता. मला मात्र रडूच फुटलं. माझ्यामागे धावणारा बाप तेवढा एकच होता, कवितेतला. त्याला मनातल्या मनात खोटा म्हणत म्हणत मी त्यालाच घट्ट धरून बसले होते.

बाबा घाबरले. रडणाऱ्या मुलीचं काय करायचं असतं ते त्यांना कधीच कळलं नव्हतं.

"परत म्हणा ना," मी म्हटलं. "पहिल्यापासून."

"अगं, दात तुझ्या हातात आहेत."

"राहू द्या दात."

त्यांनी म्हणायला सुरुवात केली. 'स' सगळे हवेत जात होते, निम्मे शब्द कळत नव्हते. सत्काराला हे मुळीच चाललं नसतं. मी त्यांना एकदाही थांबवलं नाही.