आर्विदसाठी बांधलेली खोली

बायको गेली त्या हिवाळ्यात आर्विद कांगास अंगणातल्या बर्फावर दोनदा आपटला. तेव्हा त्याच्या मुलीनं, मार्लिसनं, ठरवून टाकलं की बाबांनी आता तळ्याकाठी एकटं राहायचं नाही. तिचं घर लहान. म्हणून तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, डेलनं, स्वयंपाकघराला लागून एक खोली वाढवायला घेतली.

आमच्याकडे बांधकामाला उन्हाळा पुरत नाही. डेलनं कारखान्यातून तयार पॅनेलं मागवली. दोन लाकडी तक्त्यांच्या मध्ये जाड फोम, खिडक्यांच्या जागा आधीच कापलेल्या. क्रेननं उचलायची, सांध्यात फोम भरायचा, की भिंत उभी. शेजारी म्हणून मीही हात लावायला गेलो होतो. आर्विद कॉफीचा मग घेऊन खुर्चीत बसला होता. त्याचा सारा जन्म सुपीरियर तळ्यावर मासेमारीत गेलेला.

"डेल, हे काय, मासे ठेवायचा डबा बांधतोयस?"

"डबाच समजा, आर्विद. पण उबदार आहे."

"माशांनाही तसंच सांगत असतील."

आम्ही सगळे हसलो. मार्लिस तेवढी हसली नाही.

खोली झकास झाली. एवढासा हीटर, पण थंडीचं नाव नाही. नोव्हेंबरात आर्विद राहायला आला. मी भेटायला गेलो नि विचारलं, "कसं काय, जमतंय ना?"

"वारा ऐकू येत नाही रे," तो म्हणाला. "डोळे उघडले की आधी वारा ऐकायचा, मग होडी काढायची का ते ठरवायचं. इथं उजाडलं तरी काही कळत नाही."

म्हणून तो खिडकी उघडून बसायचा. डेल येऊन बंद करायचा, की हा पुन्हा उघडायचा. बाहेर रक्त गोठवणारी थंडी, घरभर गारठा. मधल्या मध्ये मार्लिसचं सँडविच व्हायचं. नाताळाच्या सुमारास एकदा तिचा तोल गेला. "उन्हाळाभर तुमच्यासाठी राबलो, बाबा, आणि तुम्हाला ही खोली नकोच आहे. तसं सरळ सांगा ना."

त्यानंतर आर्विदनं खिडकी उघडली नाही. मात्र खोलीचं दारही तो लावून घ्यायला लागला.

जानेवारीत एका सकाळी तो पलंगावरून उठताना पडला. भिंतीपलीकडे मार्लिस राय धान्याचा पाव मळत होती, रेडिओ हळू आवाजात लावलेला. दार बंद दिसलं, तेव्हा तिला वाटलं, रुसलेत, बसू देत. दुपारी जेवायला बोलवायला गेली, तेव्हा तो जमिनीवर पडलेला दिसला. खुबा मोडला होता. घसा पार बसला होता.

"बाबा, हाक का नाही मारली?"

"मारली," तो म्हणाला. "तुलाही कामं असतात."

तो हॉस्पिटलात असताना ती डेलच्या मागं लागली, स्वयंपाकघराकडच्या भिंतीला मोठी खिडकी पाड म्हणून.

"नंतर कुठंही भोक नाही पाडता येत. छपराचा भार पॅनेलांवरच आहे."

"माझा बाप आत ओरडत होता आणि मी पाव मळत होते."

"दार लावलेलं होतं, मार्लिस. भिंतीचा काय दोष?"

"मग कुणाचा?"

हे डेलनंच मला सांगितलं, गाडी पुसता पुसता, माझ्याकडे न बघता.

मार्चमध्ये आर्विद वॉकर घेऊन परत आला, पण त्या खोलीत नाही. त्याचा पलंग घराच्या जुन्या भागातल्या पुढच्या खोलीत, शेगडीजवळ टाकलाय. तिथं खिडक्या खडखडतात. मार्लिस त्याच्याशेजारी कोचावर झोपते. मागच्या नव्या खोलीत आता डेल झोपतो, एकटाच.

परवा मी डोकावलो. ती स्वयंपाकघरात होती. आर्विदनं मला जवळ बोलावलं. "तिला जरा समजाव. म्हणावं, नवऱ्याजवळ जाऊन झोप. काही लागलं तर मी हाक मारीन."

मी आत जाऊन निरोप सांगितला.

"हाक तर मारतील की," ती म्हणाली आणि बटाटे सोलत राहिली.