तो म्हणजे कोण

शाळेत तिला सगळे इंग्रजीच्या बाई म्हणत. सव्वीस वर्षं ती डायरेक्टचं इनडायरेक्ट शिकवत आली होती. अवतरणचिन्हं काढा, 'दॅट' घाला, काळ एक पाऊल मागे न्या, 'आय'चा 'ही' करा. पोरं नाकं मुरडायची, पण परीक्षेत त्या प्रश्नाचे मार्क तिच्या वर्गाचे सहसा जात नसत.

तिचा धाकटा भाऊ एका मोठ्या लॉन्ड्रीत बॉयलर सांभाळायचा. हॉस्पिटलांच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल तिथे धुतले जायचे आणि वाफेच्या प्रेसखालून कडक होऊन निघायचे. वडील गेले तेव्हा दोघांपैकी एकालाच कॉलेजात जाता येणार होतं. "ताईला शिकू दे, माझं डोकं चालत नाही," म्हणून त्याने विषय संपवला होता. त्याचं डोकं उत्तम चालत होतं, हे तिला तेव्हाही ठाऊक होतं.

एका मंगळवारी सकाळी तीन नंबरच्या प्रेसपाशी अचानक वाफेचा झोत सुटला आणि तिथे चादरी लावणाऱ्या मावशींचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. भाऊ बॉयलर बंद करून धावला. मावशींना उचलून नेलं. मागे फोरमन तेवढा राहिला, भिंतीला टेकून, चेहरा पांढराफटक.

"मी व्हॉल्व्ह उघडा ठेवला रे," तो म्हणाला. "मी!"

ऐकायला भावाशिवाय कुणी नव्हतं.

चौकशी लागली. जबाब इंग्रजीतच हवे होते, वरच्या ऑफिसात दुसरं काही चालत नसे. भाऊ फॉर्म घेऊन ताईकडे आला. पहिली ओळ छापलेलीच होती: 'द वर्कर स्टेटेड दॅट', म्हणजे 'कामगाराने सांगितलं की'. पुढचं आपण भरायचं.

"तो बोलला तसंच लिही, ताई. त्याच्याच शब्दांत."

"अरे, ते बोलणं झालं. जबाबात असं लिहीत नाहीत. बरं दिसत नाही."

तिने सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'द फोरमन हॅड टोल्ड हिम दॅट ही हॅड लेफ्ट द व्हॉल्व्ह ओपन.' फोरमनचा दुसरा 'मी' तिने गाळला. तेच तेच कशाला? मग मराठीत वाचून दाखवलं, "फोरमन तुला म्हणाला, की मी व्हॉल्व्ह उघडा ठेवला."

"बरोबर," म्हणून त्याने सही केली. वर म्हणाला, "तू आहेस म्हणून बरं. नाहीतर कुणाचे पाय धरले असते?"

तीन आठवड्यांनी पत्र आलं. कामगाराच्या स्वतःच्या जबाबावरून दिसतं, की व्हॉल्व्ह त्याने उघडा ठेवला होता आणि फोरमनने ते त्याच्या लक्षात आणून दिलं होतं. निष्काळजीपणाबद्दल कामावरून कमी. बॉयलरचा परवाना रद्द करण्याची शिफारस.

तिने ते पुन्हा एकदा वाचलं. 'ही' म्हणजे तो. पण तो कोण? सांगणारा की ऐकणारा? तिने लिहिताना फोरमन धरला होता, वाचणाऱ्याने भाऊ धरला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती चौकशी अधिकाऱ्याकडे गेली. त्याने तिला खुर्ची दिली, फाइल उघडली.

"वाक्य तुमचंच ना, बाई?"

"माझंच. पण त्यातला 'ही' म्हणजे फोरमन."

"तसं लिहिलंय कुठे? बरं, वाक्य चुकीचं आहे का?"

"चूक नाही. पण अर्थ..."

"आम्ही फोरमनलाही विचारलं. तो म्हणतो, हो, मीच त्याला तसं बजावलं होतं. आता खाली तुमच्या भावाची सही आहे. मी काय करू, सांगा?"

तिने विनवण्या केल्या, पुन्हा जबाब घ्या म्हणाली. निकाल लागल्यावर जबाब बदलता येत नाही, असं त्याने शांतपणे तीनदा सांगितलं.

रविवारी भाऊ मावशींना भेटायला हॉस्पिटलात निघाला. तीही सोबत गेली. मावशींचे हात पांढऱ्या पट्ट्यांत उशीवर ठेवले होते. अकरा वर्षं त्यांनी याला 'पोरा' म्हणून हाक मारली होती. आज त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"कशाला आलास? लिहून दिलंयस ना सगळं?"

"मावशी, ते मी लिहिलं," ती पुढे झाली. "त्याने काही केलेलं नाही. माझ्या लिहिण्यात घोळ झाला."

"तुम्ही इंग्रजीच्या बाई. तुमचा कसा घोळ होईल?" मावशींनी भिंतीकडे तोंड केलं. "त्याला घेऊन जा."

जिन्यात तिने भावाचा दंड धरला. "मला शिव्या दे. काहीतरी बोल."

"काय बोलू, ताई?" त्याने हळूच हात सोडवला आणि तो खाली उतरून गेला.

बॉयलरचं काम त्याला पुन्हा कुठेच मिळालं नाही. आता तो एका गोदामात खोकी उचलतो. पाठ धरते, म्हणून बसताना आधी भिंतीचा आधार शोधतो. फोरमन तिथेच आहे. मावशींची बोटं पुढे वळलीच नाहीत, आणि रस्त्यात भाऊ समोरून आला की त्या आजही पलीकडच्या बाजूला जातात.