हातात मावणारं यंत्र

बाबांच्या तेराव्याला आईने त्यांची छत्री, चपला आणि गेमिंग कन्सोलची पेटी मायाप्पाकाकांना दिली. गेलेल्याच्या वापरातल्या वस्तू त्याच्या जोडीच्या माणसाला द्यायच्या, ही आमच्या घरची रीत. काका सांगोल्याकडचे, डायलिसिसला बाबांच्या शेजारच्या खाटेवर असत. छत्रीचं मला काही नव्हतं. पेटीत मात्र बाबांचा खेळातला ट्रक होता, त्यांनी अर्ध्या घाटात थांबवलेला.

बाबा सोलापुरात शुक्रवार पेठेत यंत्रमागाच्या मोटारी दुरुस्त करायचे. घरचा कन्सोल त्यांनी हत्यारांच्या पेटीत बसवला, झाकणाला लॅपटॉपचा जुना पडदा लावला आणि रिक्षातून दवाखान्यात न्यायला लागले. पुढच्या पिढीच्या कन्सोलची हातात मावणारी आवृत्ती येणार, असं मी पुण्याहून फोनवर सांगायची. त्यांना ते पटत नसे. ताकद तीच ठेवली तर उष्णताही तेवढीच. ती माणसाच्या तळहातावर सोडणार का? आणि ताकद कमी केली, तर तेच यंत्र कसं म्हणायचं? मी म्हणायची, लोकांना चालेल. ते म्हणायचे, आधी धरून बघ.

महिन्याभराने मी तसलं एक छोटं यंत्र विकत घेतलं. बाबांचा ट्रकचा खेळ त्यात चालत होता, चित्र जरा धुरकट. नवं काकांना द्यायचं आणि पेटी परत मागायची, एवढं ठरवून मी सोलापूरला आले.

दवाखान्यात काकांच्या उजव्या हाताला डायलिसिसच्या सुया लावलेल्या होत्या. त्यांनी यंत्र डाव्या हातात घेतलं. ते एका बाजूला कलंडलं, तसा उजवा हात आपोआप उचलला गेला आणि सिस्टर ओरडल्या. काकांनी यंत्र माझ्याकडे दिलं.

"ह्याला दोन हात लागत्यात, पोरी. हितं सगळ्यांना एकच."

पेटी हवी आहे, हे मी अजून बोललेच नव्हते. त्यांनीच खाटेखाली बोट दाखवलं. "ने की. मला एकट्याला न्हाय जमत."

मग कळलं. दोन खाटांच्या मधे स्टूल, स्टुलावर एकच कंट्रोलर. बाबांचा उजवा हात मोकळा, काकांचा डावा. बाबा वळवायचे, काका पळवायचे. आई दर खेपेला तिथे बसायची, पण तिला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

"लई शिव्या द्यायचा जोतीराम, तुझा बाप," काका म्हणाले. "वळणावर मी हळू करतच नसायचो."

ते दर खेपेला पेटी आणत होते आणि न उघडता परत नेत होते.

मी पेटी बाहेर ओढली. प्लग लावल्यावर पंखा घरघरला. ट्रक घाटात होता तसाच उभा होता. कंट्रोलर स्टुलावर ठेवून मी बाबांच्या बाजूला बसले. तिथल्या खाटेवर कुणी अनोळखी माणूस झोपला होता.

"वळण आलं की सांग," काका म्हणाले. "तो सांगायचा."

मी उजवा हात कंट्रोलरवर ठेवला आणि डावा मांडीखाली दाबून धरला.