सव्वा शेराचं माप

उखर्डू आबांना सुखाची फार हाव नव्हती. सकाळी मारुतीच्या ओट्यावर जीवरामशी भांडण, दुपारी त्याच ओट्यावर दोघांच्या डब्यांची अदलाबदल, संध्याकाळी धुळ्याहून नातवंडांचा फोन, आणि श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरात बसणारी देवी कानबाई. एवढं मिळालं की एरंडोल तालुक्यातल्या त्या गावात आपल्याइतका श्रीमंत माणूस नाही, असा आबांचा हिशोब होता. हिशोब बरोबर होता. फक्त यातलं काहीही आपोआप येत नाही, ही रक्कम धरायची राहिली होती.

कानबाईचे रोट म्हणजे साधं काम नव्हे. शनिवारी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं गहू मोजायचे, जात्यावर नाहीतर धुतलेल्या चक्कीवर दळायचे, रविवारी देवी बसवायची, सोमवारी नदीत बोळवायची. त्या पिठाचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, फक्त आपल्या भाऊबंदांनी खायच्या. परक्याला तुकडा नाही, कुत्र्याला नाही, ताट धुतलेलं पाणीसुद्धा अंगणातल्या खड्ड्यात. आणि पौर्णिमा लागायच्या आत डब्यात चिमूटभर पीठ उरता कामा नये. दुसऱ्या घरांत माणशी सव्वा मूठ गहू घेतात. आबांच्या कुळातल्या कुणा मोठ्या पोटाच्या पूर्वजानं सव्वा शेर धरला होता, आणि त्याचं पितळी माप अजून घरात होतं. घर भरलेलं असायचं तेव्हा ते पीठ मंगळवारीच संपायचं.

या शनिवारी आबांनी नेहमीसारखं माप काढलं. पहिलं आपल्या नावाचं. मग मुलगा ज्ञानेश्वर, त्याचा पोरगा, पुतण्या रोहिदास, त्याचा पोरगा. दर वेळी "कानबाई माय, हे अमक्याचं" असं मोठ्यानं म्हणत त्यांनी शेर पालथा केला. ताईबाई शेजारी सूप घेऊन बसल्या होत्या.

"अहो, एक फोन तर करा. येणार आहेत का नाही ते."

"दरसाल येतात. विचारायचं काय त्यात?"

"मागच्या साली सारिका जाताना पाया पडली नाही. तुमच्या ध्यानात नसंल, माझ्या आहे."

आबांच्या ध्यानात नव्हतं असं नाही. मागच्या साली असंच माप चालू असताना नात हर्षाली पुढं आली होती. नऊ वर्षांची पोर. "आबा, माझं माप?" म्हणून तिनं फ्रॉकचा ओचा पसरला. आबा भरल्या घरात मोठ्यानं हसले. "तू परक्या घरची गं बाई! तुझं माप तुझ्या सासरी." सगळे हसले. सारिका हसली नाही. आबांनी तो विनोद आपल्या खात्यावर जमा धरला होता. सुनेनं तो नावे टाकला, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

गहू दळून आले आणि संध्याकाळी फोन वाजला.

"आबा, आम्ही यंदा इथंच कानबाई बसवतोय," ज्ञानेश्वर म्हणाला. त्याचा आवाज कचेरीतल्या माणसासारखा झाला होता. "रोहिदासदादा पण आमच्याकडंच आहे. तुम्ही आणि आई या ना इकडं."

"इकडं देवी टाकून?"

"तसं नाही..."

"वेगळी बसवली म्हणजे वेगळी झाली, ज्ञाना. चूल वेगळी झाली तर चालतं. कानबाई वेगळी झाली की भाऊबंदकी वेगळी. तुला म्हाईत आहे ना?"

तिकडं मागून कुणीतरी कुकर बंद करायला सांगितलं आणि फोन कट झाला.

आबा डब्यापाशी येऊन बसले. पाच पुरुषांचं पीठ, काठोकाठ. माप घेतलं, नाव घेतलं, देवीनं ऐकलं. आता ते परत गव्हात घालता येत नव्हतं. ताईबाईंना साखरेचा आजार, डॉक्टरांनी गव्हाच्या पोळीवर काट मारलेली. राहिले आबा. त्यांचे दात वरच्या बाजूला मोजून घ्यावेत इतके.

ते खाऊ लागले. सकाळी रोट आणि गंगाफळाची भाजी, दुपारी रोट आणि कटाची आमटी, रात्री रोट आणि दूध. पहिले दोन दिवस त्यांनी भक्तीनं खाल्लं, पुढं हट्टानं, आणि त्यानंतर भीतीनं. कारण त्यांच्या घरचा नियम असा की पीठ उरलं तर कानबाई खंडित होते. मग ती पुन्हा बसते केव्हा? त्याच सणाच्या दिवशी घरात लेकरू जन्मलं तर, किंवा गाय व्याली तर. आबांची गाय दोन वर्षांपूर्वी गेली. गोठ्यात आता जीवरामची मोडकी सायकल होती. आबांनी एकदा गोठ्याकडं आणि एकदा ताईबाईंकडं पाहिलं. दोन्हीकडून आशा नव्हती.

ओट्यावरही सुख उरलं नाही. जीवराम भुसावळला रेल्वेत गँगमन होता. निवृत्त होऊन गावी आल्यापासून सुनेनं दिलेला डबा तो एकटा कधी जेवला नव्हता. आबांची कळण्याची भाकरी त्यानं घ्यायची, त्याचं भरीत आबांनी घ्यायचं, आणि दोघांनी एकमेकांच्या घरच्या मिठाला नावं ठेवायची.

"काय रे भो, आजबी डबा नही?"

"रोट शे घरी."

"बठ्ठं तुलेच खानं शे का?" जीवरामनं डब्याचं झाकण त्यांच्याकडं सरकवलं. "भरीत ल्हे. तोंड तर बदल."

आबांनी झाकण परत केलं. "सगळं मलाच. पोटात जागा नाही. भरीत खाल्लं तर तेवढं पीठ राहील."

"मग माले दे दोन रोट. मी मोजून मापून पापी शे, अजून एक पाप."

"तू भाऊबंद नाहीस, जीवराम."

हे वाक्य नियमाचंच होतं. पण ओट्यावर पडलं तेव्हा ते वेगळंच ऐकू आलं. जीवरामनं डबा बंद केला. चाळीस वर्षं बाहेर काढून माणूस गावी येतो, दहा वर्षं एका माणसासोबत जेवतो, आणि तो माणूस म्हणतो तू भाऊबंद नाहीस. जीवराम धोतराचा सोगा झटकून उठला आणि घरी गेला. दुसऱ्या दिवशी ओटा रिकामा होता.

आबांचं पोट बिघडलं. रात्री अंगणात येरझारा, सकाळी पुन्हा ताट. ताईबाई तव्यावर रोट टाकायच्या आणि पदरानं डोळे पुसायच्या; धुराचं कारण सांगायची सोय नव्हती, कारण चूल गॅसची होती. एकदा त्यांनी गुपचूप दोन रोट खाल्ले आणि दुपारी चक्कर येऊन मोरीत बसल्या. आबांनी त्यांना उचललं तेव्हा त्या पुटपुटल्या, "माझ्यानं कमी झालं का हो काही?"

आबांनी डबा उघडून पाहिला. कमी झालं होतं. पण अजून दोन माणसांचं तरी उरलं होतं, आणि पौर्णिमा उद्या दुपारी चारला लागत होती. कालनिर्णयाच्या त्या चौकोनाकडं ते इतका वेळ बघत राहिले की ताईबाईंनी घाबरून त्यांच्या छातीला हात लावून पाहिला.

"मी मेलो असतो ना शनिवारी," आबा म्हणाले, "तर सुतक पडलं असतं. कानबाई बसलीच नसती. खंडित तरी झाली नसती."

"मरायला पण तुम्हाला मुहूर्त पाहिजे," ताईबाई म्हणाल्या. मग त्यांनी डब्यावर हात ठेवला. "गहू मोजले तेव्हा ज्ञानाचा फोन आला होता का?"

"नाही. नंतर आला."

"मग मापलं तेव्हा तो आपलाच होता. हे पीठ त्याच्या नावाचं आहे. त्यानं खायला पाहिजे." त्या उठल्या आणि पिठाचा डबा धुतलेल्या फडक्यात बांधू लागल्या. वरून पितळी शेरही ठेवला.

"शेर कशाला?"

"पीठ काढायला लागंल," त्या म्हणाल्या आणि फडक्याची गाठ आवळली.

सकाळी आबा बसस्टँडवर उभे होते तर जीवराम तिथं आधीच बसलेला. ताईबाईंनी निरोप पाठवला होता हे दोघांनाही माहीत होतं. दोघांनीही तो विषय काढला नाही.

"मी कामानं जाई राहिनू धुळ्याला," जीवराम म्हणाला. "तुना डबा उचलाले माले नको सांगू."

पारोळ्यापर्यंत दोघं दोन खिडक्यांतून बाहेर बघत होते. पारोळ्याला जीवराम खाली उतरला, आबांसाठी सोडा घेऊन आला आणि शेजारी बसला. "पी. ढेकर तरी दे. देवीलेबी बरं वाटी."

धुळ्यात देवपूरमधल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घराची बेल आबांनी दाबली तेव्हा दोन वाजून गेले होते. दार हर्षालीनं उघडलं. ती हसली नाही, पाया पडली नाही, फक्त फडक्याकडं बघून आत ओरडली, "आई, आबा पीठ घेऊन आलेत!"

सारिका बाहेर आली. तिच्या हाताला पीठ होतं. आबांनी सगळं वाक्य तोंडपाठ करून आणलं होतं: मापलं तेव्हा तुम्ही आमचेच होता, नावं घेतली आहेत, चारच्या आत. पण त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, "सारिका, माझ्यानं खाल्लं जात नाही गं."

सारिकानं त्यांच्या खोल गेलेल्या डोळ्यांकडं पाहिलं. डबा घेतला. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक स्टीलचा डबा वेगळा ठेवलेला होता. तिनं तो पुढं ओढला.

"आमचंही उरलंय, आबा. मापायला बसले तर पहिलं नाव मोठ्या माणसाचं घ्यावं लागतं म्हणाले तुमचे चिरंजीव. तुमच्या नावाचं घेतलं, शेर गावाला म्हणून सव्वा मूठच. मग तुमचं कुणी खाईना. नुसतं भांडत बसले दोघं भाऊ, बापाचं पीठ पोरानं खावं का नाही म्हणून."

आबा खालीच बसले. वाटून घ्यायला आले होते, आणि वाट्याला आणखी सव्वा मूठ आली होती.

मग घाई सुरू झाली. सारिकानं दोन तवे चढवले. ज्ञानेश्वरला कचेरीतून बोलावलं, रोहिदास पोराला घेऊन धावत आला. कुणी कुणाशी नीट बोललं नाही. फक्त "वाढ", "ह्याला अर्धा दे", "तूप घाल म्हणजे उतरतो." ज्ञानेश्वर खाली मान घालून खात होता. चौथ्या रोटाला त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यानं मिरचीकडं बघितलं. ताटात मिरची नव्हती. जिन्यात बसलेल्या जीवरामला सारिकानं वेगळ्या पातेल्यात पोहे करून दिले होते. तो तिथून हाका मारत होता, "सरनं का रे भो? मी इथं बसी राहिनू, तुमना रोट माले दिसतबी नहीत, देवीले सांगा!"

पावणेचारला परातीत कणकेचा एक गोळा उरला. रोहिदासनं हात टेकले. त्याचा पोरगा भिंतीला टेकून झोपला होता, ज्ञानेश्वरचा पोरगा बाथरूममध्ये होता आणि तिथले आवाज ऐकून त्याला पुन्हा कुणी ताटावर बोलावलं नसतं. आबांनी गोळ्याला हात घातला, आणि त्यांना उमासा आला. सारिका पुढं झाली तर तीही पोटाला हात लावून मागं सरली.

हर्षालीनं गोळा उचलला. तिच्या मुठीत तो बरोबर बसला.

"मी खाते. माझ्या पोटात जागा आहे. मी मुद्दाम कमी खाल्लं."

"खा गं माझी माय, खा," आबा म्हणाले.

"पण हा कुणाच्या नावाचा?"

आबांनी घड्याळाकडं पाहिलं, मग मुलाकडं. ज्ञानेश्वर पंख्याकडं बघत होता. सारिकानं गॅस बारीक केला आणि वाट बघत उभी राहिली. तिला घाई नव्हती, वर्षभर ती थांबलीच होती.

"नाव मापताना घ्यायचं असतं, बेटा. शनिवारी. आता ते..."

"मग मी नाही खात."

"हर्षाली, चार वाजतील!"

"वाजू द्या. मी परक्या घरची."

वाडवडील, नियम, भाऊबंद काय म्हणतील, गावात काय तोंड दाखवू. सगळं आबांच्या डोळ्यांपुढून गेलं, आणि त्यामागं ओट्यावरून उठून जाणाऱ्या जीवरामची पाठ गेली. त्यांनी फडक्यातून पितळी शेर ओढून काढला. पोरीच्या हातातला गोळा त्यात ठेवला. त्या मोठ्या मापात तो तळालाच राहिला. आबांनी शेर कपाळाला लावला. ओठातल्या ओठात म्हणाले,

"कानबाई माय, हे हर्षाली ज्ञानेश्वरचं."

"मोठ्यानं," हर्षाली म्हणाली.

"हर्षाली ज्ञानेश्वरचं!" आबा ओरडले. जिन्यातून जीवरामनं विचारलं, "काय व्हयनं रे?"

सारिकानं रोट लाटला, भाजला, तूप लावून ताटात टाकला. हर्षाली सावकाश खात बसली. एकेक घास चावून. सगळे तिच्या जबड्याकडं बघत होते. आबांना तिला घाई करायची हिंमत नव्हती. शेवटचा घास गेला तेव्हा घड्याळात चारला चार मिनिटं होती. तिनं ताटात पाणी घालून ते पिऊन टाकलं, कुणी न सांगता.

उरलेल्या ताटांचं पाणी बादलीत साठवलं होतं. फ्लॅटला अंगण कुठलं. आबांनी बादली उचलली, पण ती एकट्यानं पेलेना. ज्ञानेश्वरनं कडीला दुसऱ्या बाजूनं हात घातला. दोघं बापलेक जिना उतरू लागले, पुढं हर्षाली शेर घेऊन, खाली लिंबाच्या बुडाशी त्या शेरानंच खड्डा उकरते म्हणत.

जिन्यात जीवराम आडवा बसला होता. आबा थांबले.

"ऊठ. रस्ता दे."

"सरनं?"

"सरलं. उद्या दुपारी भरीत आण. तुझ्या सुनेला सांग, मीठ कमी घाल."

"भाऊबंद नही मी तुना," जीवराम म्हणाला, पण पाय आवरून घेतले आणि बादलीला खालून हात लावला.