शेवटच्या गड्याची गोण

मी एक जुनी वाळूची गोण आहे, मित्रांनो, आणि चिडकी आहे, हे आधीच सांगून टाकते. परळच्या या व्यायामशाळेच्या कोपऱ्यात मी पडून असते आणि तुम्ही येता-जाता मला लाथ घालता. घाला बापडे! पण माझा डावा कान का फाटला आणि पोटावर पाच ठिकाणी टाके का पडले, ते एकदा ऐकून घ्या.

कापडगिरणीत आले तेव्हा माझ्या पोटात पीठ होतं. सुताला लावायची खळ त्याची करत. पीठ संपलं, माझ्या बहिणींची पायपुसणी झाली आणि मला कोंडीरामने उचललं. कोंडीराम गिरणीच्या रस्सीखेच संघाचा जुना गडी. गुडघा गेल्यापासून नव्यांना शिकवायचा. त्याने प्रभादेवीच्या किनाऱ्यावरून वाळू आणून माझ्यात ठासून भरली, दाभणाने तोंड दुहेरी शिवलं आणि गिरणीच्या मैदानातल्या चिंचेला कप्पी लावून मला दोराला टांगलं.

रस्सीखेचीत एका बाजूला आठ गडी असतात. लोक बघतात ते पुढच्या सातांना. आठवा सगळ्यांत मागे, दोर पाठीवरून घेऊन, टाचा रोवून असतो. त्याने झटके मारायचे नसतात, नुसतं धरायचं. तो ढळला की सातही गेले. हा शेवटचा गडी तयार करायचं काम माझ्याकडे होतं. दोराच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला तो. त्याने नीट धरलं की मी हातभर उंचीवर शांत लटकायची. तो चुकला की मी धाडकन खाली! त्याचं तोंड मला दिसत नसे, पण त्याच्या मनात काय चाललंय ते दोरातून कळायचं.

अठ्ठावन्न साली दौलत आला. साताऱ्याकडचा, विशीतला, दारातून वाकून यावं लागे असा. गिरणीत तो बदली कामगार होता. रोज सकाळी फाटकाशी उभं राहायचं, कुणाचा खाडा असला तर काम, नाहीतर आल्या पावली परत. कोंडीरामने त्याच्यासाठी साहेबांकडे शब्द टाकला. साहेब म्हणाले, "गिरण्यांच्या सामन्यांचा चषक जिंका, पोराला कायम करतो." म्हणजे त्याची भाकरी आता या दोराला बांधलेली होती.

आणि या दिवट्याने पहिल्याच दिवशी काय करावं? असा हिसका मारला, की मी कप्पीला जाऊन धडकले आणि तिथून खाली आले. पहिली शिवण तेव्हाच उसवली. बघणाऱ्यांनी टाळ्या पिटल्या. कोंडीरामने कपाळाला हात लावला.

"अरं, बैल हाईस का माणूस? वढायचं न्हाई. बसायचं. दोर धरून बसायचं."

"बसून काय व्हतंय, मामा?"

"बसून समदं व्हतंय!"

सहा महिने हेच. पाय बसले तर कंबर वर. कंबर बसली तर मान वळवून बघणार, कोण बघतंय आपल्याला. मी आपटायची, वाळू गळायची. मग चंपाबाई सुई-दोरा घेऊन यायची. ती दौलतला जेवू घालणारी खाणावळवाली. मला शिवता शिवता त्याचा उद्धार करायची, "मेल्या, सात भाकऱ्या खातोस नि एक गोण धरवत नाही तुला?" बोलायची त्याला, पण सुई टोचून जीव माझा जायचा.

तरी तो हळूहळू बसला, हे खोटं कशाला बोलू? अंतिम सामना आमच्याच मैदानात होता. सामन्याला मला खाली उतरवून शेवटच्या गड्यामागे ठेवत आणि माझ्यावर कोंडीराम बसे. एक डाव त्यांचा, एक आमचा. तिसऱ्यात समोरची गिरणी रेघेपर्यंत ओढत आणली होती. वीतभर राहिलं होतं, वीतभर! तेवढ्यात भिंतीपलीकडच्या रस्त्यावरून मोर्चा आला आणि हाळी उठली, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र!"

"झालाच पाहिजे!" दौलत गरजला आणि त्याचा उजवा हात मुठीसकट वर गेला.

दोर सुटला. आमचे सात गडी मातीत तोंड घालून घसरत गेले. समोरच्यांनीही घोषणा दिली होती हो. पण तोंडाने!

"हात आपोआप गेला, मामा," दौलत रडकुंडीला आला होता.

"घोषणा मीबी देतो की! तीन मोर्च्यांत लाठ्या खाल्ल्यात मी. पर हाताचं काम सोडून न्हाई!" कोंडीराम कडाडला. चषक गेला, कायमची नोकरी गेली. दुसऱ्या दिवशी दौलत पुन्हा फाटकाशी उभा होता.

मग कोंडीरामने नवाच धडा काढला. दौलत मला धरून बसला की हा मागून ओरडायचा, "संयुक्त महाराष्ट्र!" हात वर, मी खाली. पुन्हा ओरडायचा. पुन्हा हात वर, पुन्हा मी खाली. महिनाभर! माझ्या नाकी नऊ आले. महाराष्ट्र मलाही हवा होता, पण तो माझ्या पोटावर का आपटावा? पाचव्यांदा उसवले तेव्हा चंपाबाई म्हणाली, "गोण कशाला शिवायची? याचे हातच दोराला शिवून टाकते."

आणि एक दिवस घोषणा झाली, दोर थरथरला, आणि मी लटकतच राहिले.

पुढच्या वर्षी तीच गिरणी समोर, पुन्हा तिसरा डाव. दौलतची खोड त्यांच्या लोकांना ठाऊक होती. बरोबर वेळ साधून त्यांनी हाळी दिली, आणि बघणाऱ्या अख्ख्या मैदानाने हात वर केले. दौलतचा हात दोरावरच. समोरून बघणाऱ्या चंपाबाईने नंतर सांगितलं, डोळे मिटलेले, ओठ दाताखाली, गालांवरून पाणी. घोषणासुद्धा त्याने गिळली. कोंडीरामने माझा डावा कान असा पिळला, की तो त्याच्या हातातच आला. आम्ही जिंकलो. दौलत कायम झाला. वर्तमानपत्रातल्या फोटोत सातच गडी मावले, तेव्हाही मी चिडले, पण माझं कोण ऐकतं?

साठ सालच्या एक मेला सकाळी कोंडीराम गावी परत निघाला होता. ट्रंक बाजूला ठेवून शेवटचा माझ्यावर बसला. दौलत त्याला सोडायला आलेला. रस्त्यावर गुलाल, लेझीम, गर्दी. हाळी आली, "संयुक्त महाराष्ट्र!" आणि सगळा रस्ता ओरडला, "झाला! झाला!" चंपाबाईनेसुद्धा पळी उंचावली.

दौलत दोन्ही मुठी पोटाशी आवळून उभा होता.

"अरं, वर कर की हात!" कोंडीराम चिडून ओरडला. "आता कोण पडत न्हाई!"

"जाईना, मामा," दौलत म्हणाला. "खरंच जाईना."

कोंडीराम त्या मोडक्या गुडघ्यावर जोर देत उठला, दौलतचं मनगट धरलं आणि ओढून, अगदी ओढून, ती मूठ वर नेली. ती धरूनच दोघे कितीतरी वेळ उभे राहिले.

मित्रांनो, त्या मैदानातून या कोपऱ्यात येईपर्यंत माझी वाळू निम्मी गळाली आहे. लाथ घालायची तर घाला, पण कधीतरी एखादा टाकाही घाला. आणि रस्सीखेच बघायला गेलात तर नजर मागे न्या, शेवटच्या गड्यापर्यंत. त्याच्या वाटच्या टाळ्या तुम्हीच वाजवा. त्याचे हात मोकळे नसतात.